टेस्टिंगचं गाणं

"बार्शीत असं आहे तरी काय गं?" तनुजा मॅडमनी विचारलं.

हा प्रश्न मला तोवर पाठ झाला होता, आणि उत्तरही. "माणसं आहेत मॅडम," मी म्हणाले. "पुण्यामुंबईच्या आधी माझ्या गावानं मला उचलून धरलं. माझं गाणं ऐकणारे निम्म्याहून जास्त एकट्या बार्शीतले आहेत. घरचीच माणसं हो, जीव लावतात."

"रात्री तीन वाजतापण लावतात का जीव?"

मी हसले. मला वाटलं, थट्टा चाललीय. पण शेजारी बसलेले निशिकांत सर हसले नाहीत. ते कॉफीच्या कपात चमचा फिरवत बसले होते आणि त्यांच्या कॉफीत साखर नसते हे मला माहीत होतं.

अंधेरीतलं ते ऑफिस, तिसरा मजला. टेबलावर करारपत्राची प्रत, तिच्यावर पेन आडवं ठेवलेलं. माझ्या मांडीवर पेढ्यांचा डबा. सही झाली की सगळ्यांची तोंडं गोड करायची, असं माझ्या वडिलांनी, अण्णांनी, बजावून बार्शीहून पाठवला होता. निशिकांत सरांच्या मालिकेत एका गाणाऱ्या मुलीचं काम होतं आणि त्यांना गाणारी पण पाहिजे होती, नटी पण. तीन ऑडिशनांनंतर त्यांनी मला निवडलं होतं. त्याआधी मुंबईत मी दुसरं काय करत होते? मालिकांत नायिकेची मामेबहीण होऊन ट्रे घेऊन उभी राहायचे आणि लोकांच्या हळदीत गायचे.

मग मी 'नळ आला' केलं. आमच्याकडे पाणी रोज सुटत नाही. ज्या दिवशी सुटतं त्या दिवशी गल्लीत "नळ आला गं!" अशी आरोळी उठते, आणि घागर घेऊन जो तो पळत सुटतो. त्या गर्दीत एक मुलगा आणि एक मुलगी दर वेळी एकमेकांना बघतात, एवढंच गाणं. शब्द माझे, चाल माझी, आणि आवाज घुमू नये म्हणून मित्राच्या घरी कपाटात तोंड घालून रेकॉर्ड केलेलं. व्हिडिओ आमच्याच गच्चीवर काढला, घागरी आईच्या. त्यात नाचलेपण मीच. आणि गाणं चाललं की हो! आकडे बघून मी खोलीत एकटीच नाचले होते. तनुजा मॅडम निर्मात्यांच्या बाजूच्या. मला घ्यायला त्या तयार झाल्या, त्या आकड्यांवरच.

"तुझं गाणं आज सकाळी काढून टाकलंय," त्या म्हणाल्या. "बघितलं नाहीस?"

नव्हतं बघितलं. मी सकाळभर ओढणीला पिना लावत बसले होते.

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "ज्या कंपनीमार्फत तू गाणं टाकलंस, त्यांनी कळवलंय. गाणं बहुतेक एकाच जागेवरून वाजतंय. एकच वायफाय, फोन वेगवेगळे. संपलं की परत तेच, संपलं की परत तेच. कुणी पुढे ढकलत नाही, कुणी मधेच थांबवत नाही. माणूस असं गाणं ऐकत नाही गं अरुंधती. मशीन ऐकतं."

"मी नाही केलं."

"बरं."

"आईशप्पथ मॅडम, मला काहीच माहीत नाही."

आईशप्पथ! शाळेत डबा चोरल्याचा आळ आल्यासारखी मी बोलत होते. निशिकांत सरांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "कुणा एजन्सीला काम दिलं होतंस का? काही मुलं गावाकडे असले उद्योग करून देतात. खरं सांग, मी समजून घेईन."

"नाही सर."

"मग बार्शीत बसून हे कोण करतंय?"

मी मांडीवरचा पेढ्यांचा डबा घट्ट धरला.

"रडू नकोस," तनुजा मॅडम म्हणाल्या. खरंतर मी रडत नव्हते. "हल्ली सगळेच करतात. फक्त इतक्या गावठी पद्धतीनं कुणी करत नाही." त्यांनी करारपत्र उचललं, पेन बाजूला केलं आणि तो कागद लॅपटॉपखाली सरकवला. तेही हळूच, मला लागू नये अशा बेतानं. त्या ओरडल्या असत्या तर मी भांडले असते. पेढ्यांचा डबा छातीशी धरून मी त्या ऑफिसातून बाहेर पडले, तेव्हा दारातल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, पेढे कसले?" मी म्हणाले, "कसले नाहीत."

संध्याकाळपर्यंत इंटरनेटवरच्या एका गाण्याबिण्यांच्या पानावर बातमी आली. खाली माझीच मुलाखत चिकटवलेली. त्यात मी मान वेळावून म्हणतेय, "बार्शीनं मला उचलून धरलं." त्या वाक्याला कुणी ढोल जोडला होता, कुणी गाढवाचं ओरडणं. ज्या मित्राच्या कपाटात गायले होते त्यानंही फोन करून म्हटलं, "मला तरी सांगायचं होतंस अरू." रात्री आईचा फोन आला. "तू घरी ये आधी. अण्णा जेवले नाहीत. बोलंनात की काही."

बार्शीच्या स्टँडवर उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. ओढणी तोंडावर ओढून चालले. तरी रसवंतीवाल्यानं ओळखलंच. "काय अरुंधतीताई, मशीन लावली म्हणं?" त्याच्या बाकावरची चार माणसं खो-खो हसली. मी मान खाली घालून पुढे गेले. ज्या गावाच्या नावानं मी मुंबईत छाती फुगवली होती त्या गावाला आता तोंड दाखवायची चोरी झाली.

अण्णांचं दुकान मेन रोडवरून आत, खटावकर डॉक्टरांच्या दवाखान्याला लागून. मधे एक पातळ भिंत. पाटीवर 'अरुंधती मोबाईल'. आजोबा शिंपी, पण अण्णांनी मशीनवर शिवायचं सोडून यंत्रं दुरुस्त करायचं धरलं. आधी घड्याळं, मग रेडिओ-टेप, मग मोबाईल. ड्युप्लिकेट सामान टाकायचं असेल तर गिऱ्हाइकाला आधी सांगून टाकायचं, हा त्यांचा नेम. त्यापायी गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. दुरुस्त झालेली वस्तू ते लगेच देत नसत. टेस्टिंगला ठेवत. टेपच्या काळात त्यांच्याकडे एकच कॅसेट होती, एका जुन्या अभंगाची. येईल तो टेप त्या अभंगावर तपासला जायचा. अख्ख्या गल्लीला तो अभंग पाठ होता. दवाखान्यातले पेशंट कण्हता कण्हता तो गुणगुणायचे. मी गायला शिकले ती त्याच कॅसेटवर. पुढे मोबाईल आले तरी टेस्टिंगला अभंग तोच होता.

मी दुकानात शिरले तेव्हा अण्णा भिंग डोळ्याला लावून एका फोनच्या पोटात चिमटा घालत होते. वर न बघता त्यांनी पायानं स्टूल सरकवलं.

"बस."

मी बसले.

"पाणी पी."

माठातलं पाणी प्याले. ते काम करत राहिले. मग म्हणाले, "आपल्या शाळेतल्या ढगे गुरुजींनी फोनात ते छापून आलेलं दाखवलं मला. चार माणसांत दाखवलं. म्हणाले, दत्तोबा, तुमची पोरगी तर ड्युप्लिकेट निघाली."

"अण्णा..."

"मी म्हटलं, गुरुजी, जीभ सांभाळा. माझी पोरगी असलं करायची नाही." चिमटा खाली ठेवून त्यांनी भिंग काढलं. डोळे सुजले होते. अण्णांना मी कधी रडताना बघितलं नव्हतं, आणि त्या डोळ्यांकडे मला बघवेना. "आता तू सांग. तू नुसतं 'नाही' म्हण अरू. मी आत्ता उठतो आणि गुरुजींच्या दारात जाऊन सांगतो. आणि एवढ्यावर सोडायचा नाही मी. बार्शीतनंच कुणीतरी केलंय म्हणायलेत ना? कुणी केलं ते हुडकून काढतो. वायफाय कुठलं, फोन कुठले, समदं काढता येतंय. पोलिसांत देतो त्याला. माझ्या पोरीचं वाटोळं केलं मेल्यानं."

'नाही' माझ्या ओठांवर आलं होतं. मुंबईत कुणी विश्वास ठेवला नव्हता. इथं एक माणूस उपाशी राहून त्याच एका शब्दाची वाट बघत होता. तेवढ्यात पायरीवरून हाक आली, "दत्ताभाऊ, झाला का माझा फोन?"

मंडईतल्या हौसाबाई होत्या, डोक्यावर रिकामी पाटी. अण्णांनी तोंडावरून हात फिरवला आणि उठले. गिऱ्हाईक म्हटलं की त्यांना स्वतःचं दुःखसुद्धा थांबवून ठेवता यायचं.

"झालाय की. चार दिस टेस्टिंगला ठेवलाय. थांबा, आवाज ऐकवतो." मागच्या फळीवरून त्यांनी एक फोन काढला आणि अंगठा दाबला. परत दाबला. "लागंना. काल सकाळपासनं ह्येच लागंना बघा. नेट तर हाय. बाकीची समदी गाणी लागतात, हिचंच तेवढं लागंना."

"ते नळाचं गाणं व्हय?" हौसाबाई म्हणाल्या. "बरं झालं बया लागंना ते! मागच्या खेपेला तुम्ही फोन दिला तवापासनं रातभर उशाला चालूच. आवाज नाही, नुसता उजेड. बंद कसं करायचं ते मला ठावं नाही. सूनबाई म्हणती, आत्याबाई, तुमच्या फोनात ती पोरगी घागर घेऊन सारखी पळायलीय."

"अहो बॅटरीची टेस्टिंग असती ती," अण्णा समजावू लागले. "बंद करायचं राहून गेलं असंल."

मी फळीकडे बघितलं. लहानपणापासून बघत आले होते ती फळी, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितली. ओळीनं फोन लावलेले, प्रत्येकाला चार्जरची शेपटी. सगळ्यांचे पडदे चालू, आणि प्रत्येक पडद्यावर माझ्या गाण्याचं तेच चित्र, काखेत घागर घेतलेली मी, फिकट करडी झालेली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, हे गाणं आता उपलब्ध नाही.

हौसाबाई फोन घेऊन गेल्या. मी स्टुलावरून उठले होते हे मला नंतर कळलं.

"अण्णा, हे काय आहे?"

"काय?"

"हे. सगळीकडे माझं गाणं?"

"टेस्टिंग," ते म्हणाले. आणि त्या सुजलेल्या डोळ्यांतसुद्धा थोडं लाजरं हसू आलं. "तुझं गाणं आलं त्या दिवशीच अभंग बदलला मी. म्हटलं, घरात गाणारी असताना दुसऱ्याचं कशाला. बॅटरी किती टिकती ते बघायला रातभर लावून ठिवतो. आवाज बंद करतो हां, पलीकडे डॉक्टरांचे पेशंट असतात, त्यांना तरास नको. येईल त्या फोनात आधी तुझं गाणं घालतो. ज्याला ॲप नाही त्याला ॲप काढून देतो." मग एकदम आठवल्यासारखे थांबले. "तुला सांगणार होतो. पण म्हटलं, पोरगी म्हणंल, काय हे अण्णा."

एकच वायफाय, फोन वेगवेगळे. कुणी पुढे ढकलत नाही, कुणी मधेच थांबवत नाही. माझी बार्शी, मला उचलून धरणारी, ती ही एवढी फळी होती. दोन महिने मी ज्या आकड्यांवर नाचले, मुलाखती दिल्या, मान वेळावली, ते आकडे अण्णा रात्री दुकान बंद करताना चार्जरला लावून जात होते. मला लाज वाटली. आणि अण्णांचा राग? येतोय का म्हणून मी वाट बघितली. आला नाही.

अण्णा परत समोर येऊन बसले. "हां. तर सांग. तू केलंस का नाही?"

"राहू द्या ना आता."

"राहू द्या कसं? नाही म्हण. मी लगेच जातो. तो सापडंस्तवर गप बसायचा नाही मी."

तो सापडला असता. अण्णांनी मनावर घेतलं असतं तर दोन दिवसांत सापडला असता. वायफायचा नंबर कुणीतरी वाचून दाखवला असता, ढगे गुरुजींसमोर, रसवंतीच्या त्या चार माणसांसमोर. ज्या माणसानं जन्मात ड्युप्लिकेट काच न सांगता बसवली नाही, त्याच्या पाटीकडे लोकांनी बोट दाखवलं असतं. पण ते सगळं नंतरचं. आधी अण्णांना हे कळलं असतं की माझं काम त्यांच्यामुळे गेलं.

"मी केलं," मी म्हणाले.

"काय?"

"हो अण्णा. मीच केलं. एकाला सांगून करून घेतलं."

भिंतीपलीकडे कंपाउंडरनं कुणाचं तरी नाव पुकारलं. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मारतील, असं मला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते हळूहळू म्हणाले, "मी गुरुजींना चार माणसांत सांगून आलो."

"चुकलं माझं."

"कशापायी केलंस?"

काहीतरी सांगायला हवं होतं. "ऐकणारे कमी पडत होते," मी म्हणाले.

अण्णांनी मान हलवली. मग इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं. "मग मला सांगायचंस की गं. इथं एवढे फोन असत्यात दुकानात. मी लावलं असतं की."

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, शरमेनं घातली. ते खोटंही नव्हतं.

पिशवीतून डोकावणारा पेढ्यांचा डबा त्यांना दिसला. "दिले नाहीस व्हय?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "आईला दे. मुंग्या लागतील." मग उठून ते फळीपाशी गेले आणि एकेका फोनातून माझं गाणं काढू लागले. पाठमोरे उभे राहून सगळी फळी त्यांनी संपवली. शेवटच्या फोनवर तो जुना अभंग लावला, आवाज मोठा. पलीकडून डॉक्टर ओरडले, "दत्तोबा, बारीक करा की हो!" अण्णांनी बारीक केला नाही. त्यांना ऐकूच गेलं नसावं.

त्या संध्याकाळी ते गुरुजींकडे गेले आणि माफी मागून आले. माझ्या वतीनं. हे मला आईनं सांगितलं.

पुढे बरीच वर्षं मी दुकानात गेले की अभंगच चालू असायचा. माझी दुसरी गाणी आली, फारशी कुणी ऐकली नाहीत, पण जेवढी ऐकली तेवढी ऐकली. ट्रे घेऊन पुन्हा उभी राहिले. हळूहळू ट्रे खाली ठेवायला मिळाला आणि दोन वाक्यं बोलायला मिळाली. अण्णा माझ्या गाण्याचा विषय काढत नसत. कुणी काढलाच तर म्हणत, "एकदा चुकली पोर. आता सरळ चाललीय." माझ्यासमोर म्हणत. मी चहा पीत बसायचे.

मग निशिकांत सरांनीच एका छोट्या सिनेमात मला बोलावलं. मागच्या गोष्टी आपण काढायच्या नाहीत, असं आधीच सांगून. त्यातलं गाणं मीच गायले, पडद्यावरही मीच. ते गाणं मात्र खरंच लोकांच्या तोंडी बसलं. त्यानंतर मी बार्शीला गेले तेव्हा रसवंतीवाल्यानं पैसे घेतले नाहीत.

अण्णा दुकानातच होते. भिंग आता जाड झालं होतं. एक गिऱ्हाईक जाईस्तोवर थांबले आणि मग पायरीकडे बघून, कुणी नाही याची खात्री करून घेतली.

"तुझं ते नवीन गाणं म्हणं लई लोक ऐकायलेत."

"हो अण्णा."

"खरे?"

"खरे."

"तू काही... कुणाला सांगून..."

"नाही अण्णा. तसं काही नाही केलं."

त्यांनी चिमटा उचलला, परत ठेवला. लहान पोरानं काही मागावं तसं म्हणाले, "मग टेस्टिंगला लावू का?"

मी याच प्रश्नाची तयारी करून आले होते. पर्समधून छोटं मेमरी कार्ड काढून त्यांच्या हातावर ठेवलं. "नेटवरनं नका लावू. नेट फार खातं ते. मी कार्डात भरून आणलंय. यातनंच लावायचं, कळलं? दुसरीकडून नाही."

"एवढ्यासाठी मुंबईहून कार्ड आणलंस?" ते हसले. "माझ्याकडे डबाभर कार्डं हायेत की."

"असू द्या. आणि आवाज मोठा ठेवा."

अण्णांनी एका फोनात कार्ड सरकवलं, अंगठा दाबला. माझा आवाज दुकानात भरला. ते डोळे मिटून दोन ओळी ऐकत राहिले. मग भिंतीकडे बघितलं, पुटपुटले, "डॉक्टरांचे पेशंट हायेत," आणि आवाज शून्यावर नेला. फोन फळीवर नीट टेकवून ठेवला, त्याला चार्जर लावला.

"वाजू दे रातभर," ते म्हणाले, आणि भिंग डोळ्याला लावून पुढचा फोन उघडायला बसले.